शेजारणीच्या कुलपात बाळंतपणाची बॅग

माझी चार बाळंतपणं झाली, बॅग एकदाही नव्हती. दोनदा सुईण घरी आली. दोनदा दवाखान्यात गेले, तेव्हा नवऱ्याने जुन्या लुगड्याचे तुकडे आणि एक स्टीलचा पेला पिशवीत घालून दिला होता. पेला आम्ही तिथेच विसरून आलो. त्यामुळे नात पहिल्या बाळंतपणाला सासरहून, मनवेलपाड्याहून, आमच्याकडे गासला आली आणि रिक्षातून चाकांची मोठी बॅग उतरली, तेव्हा मी विचारलं, "किती महिने राहायचंय तिथे?"

"आजी, ही हॉस्पिटलची बॅग आहे."

फोनवर व्हिडिओ बघून तिने ती भरली होती. ओठांना लावायचं मलम, हातात धरायचा पंखा, स्वतःची उशी. दवाखान्यातली उशी म्हणे चालत नाही. बाळाच्या टोप्या इतक्या, की मला वाटलं जुळी-तिळी आहेत आणि मलाच सांगितलं नाही. रोज ती बॅग उघडायची, सगळं बाहेर काढायची आणि परत तसंच भरायची. पोर घाबरली होती. तसं म्हणायची नाही, एवढंच म्हणायची, "मला दुसरं काही नको, फक्त निघताना बॅग बरोबर पाहिजे." डॉक्टरची फाईल आणि रक्ताचे रिपोर्टही तिने वरच्या कप्प्यात ठेवले होते.

माझी सून, म्हणजे नातीची आई, बी.ए. झालेली आहे. बॅग बघून तिचा चेहरा उतरला. बाळाच्या आधी बाळाचं नवं सामान घरात ठेवायचं नसतं, नजर लागते. आमच्याकडे हे आहे, मीही पाळलं. पण मी पाळलं त्याला कारण होतं, घ्यायला पैसेच नव्हते. आई आणि मुलगी दोन दिवस एकमेकींशी धड बोलल्या नाहीत. शेवटी सुनेनेच तोड काढली. बॅग शेजारणीकडे ठेवायची.

"म्हणजे नजरेला आपल्याच घराचा पत्ता माहीत आहे, शेजारचा नाही?" मी विचारलं.

"आई, तुम्ही मध्ये बोलू नका."

बाळाचे नवे कपडे धुवायचेही नाहीत असं ठरलं. दोरीवर झबली वाळत घातली तर येणारे-जाणारे बघतील. नातीचं पोट दारातून तिच्या आधी बाहेर येत होतं, ते येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसत नव्हतं बहुतेक.

शेजारीण ख्रिस्ती आहे. तिच्या आमच्या घरामध्ये केळीची एक रांग, बाकी काही नाही. तिने बॅग ओढत नेली, कपाटाशेजारी उभी केली आणि मला म्हणाली, "काकी, आता मला डोहाळे लागायचे."

त्या दिवशी सकाळचा चहा झाला आणि नातीला कळा सुरू झाल्या. मुलगा कामावर गेलेला. सून रिक्षा बोलावून शेजारी धावली, तर दाराला कुलूप. फोन लावला, तो आतच वाजला, खिडकीतून आम्हाला ऐकू आला. मग आठवलं, आज तिच्या भाच्याचं लग्न. पत्रिका आमच्याच फ्रीजवर चिकटवलेली होती. रोज दूध काढताना आम्ही सगळेच ती वाचत होतो.

नात रिक्षात बसली आणि म्हणाली, "बॅगेशिवाय मी जाणार नाही."

"अगं, कळा बॅगेला येत नाहीत, तुला येतायत. जा तू. बॅग मी आणते."

"नक्की?"

"आणते म्हटलं ना. आता रडायचं असेल तर जाताना रड."

त्या दोघी गेल्या आणि मी चालत चर्चला पोचले. सवयीने चपला बाहेर काढल्या. आत सगळ्यांच्या पायात बूट, मी एकटी अनवाणी, अंगावर घरातलं लुगडं. नवरा-नवरी समोर बसलेली, फादरचा उपदेश चालू. शेजारीण दुसऱ्या बाकावर, मोत्यांच्या माळा घालून. मला बघून ती खुश झाली आणि सरकून जागा केली.

"बसा काकी. आलात, बरं वाटलं."

"बसायला नाही आले. चावी दे."

"कसली?"

"घराची! बॅग!"

मला हळू बोलता येत नाही. फादर थांबले. शेजारणीने पर्स मांडीवर उलटी केली. रोजरीची जपमाळ, खोकल्याच्या गोळ्या, कंगवा आणि सगळ्यात शेवटी चावी. तोपर्यंत मागच्या तीन बाकांना कळलं होतं, की गासच्या म्हातारीच्या नातीला कळा लागल्या. पुढे त्या दिवशीच्या प्रार्थनेत फादरनी तिचं सुखरूप बाळंतपण मागून घेतलं, असं शेजारणीनेच मला सांगितलं. गावाला कळू नये म्हणून जी बॅग लपवली, ती चर्चच्या माईकवरून जाहीर झाली.

बाहेर नवरीची गाडी रिकामीच उभी होती. ड्रायव्हर शेजारणीचा भाऊ. तो म्हणाला, "बसा काकी, अजून तासभर आत काही संपत नाही." कुलूप उघडून बॅग घेतली आणि झेंडूच्या माळा लावलेल्या गाडीतून मी दवाखान्यात उतरले. वॉचमन सलाम करून आत डोकावला, नवरी शोधायला.

फाईलसाठी नर्स सुनेवर ओरडत होती. मी फाईल तिच्या हातात दिली. नातीला तेवढ्यात आत नेत होते. तिने मान वळवली.

"आली?"

"आली. आता तू बघ तुझं."

बॅग आत नेऊ देत नाहीत, हे व्हिडिओत सांगितलं नसावं. मुलगी झाली संध्याकाळी. नर्सने टोप्या, झबली हातात घेतली आणि विचारलं, "धुतलेत का?" सून भिंतीकडे बघायला लागली. "न धुतलेलं बाळाला घालायचं नाही. जुनं, मऊ काही आणलंय?" एवढ्या मोठ्या बॅगेत एकही जुनी चिंधी नव्हती. बाळ दवाखान्याच्या हिरव्या कापडात.

मग शेजारीण आली, लग्नाच्याच साडीत, हातात केक आणि आपल्या नातवाची जुनी झबली. "धुतलेली आहेत हो, उन्हात वाळवलेली." एकाच्या बाहीवर बारीक क्रूस विणलेला. सून माझ्या कानात म्हणाली, "मनवेलपाड्याची माणसं येतील, काय म्हणतील?" मनवेलपाड्याची विहीण आली, बाही उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाली, "किती मऊ आहे. कुठल्या दुकानातलं?"

सगळे गेल्यावर नातीने डोळे उघडले. "आजी, बॅग कुठेय?"

"पलंगाखाली."

तिने हात खाली सोडून चाचपून बघितली आणि मग झोपली. मी बॅगेतली उशी काढून खुर्चीत माझ्या कमरेमागे घेतली. एवढी ओढून आणली होती, कोणाच्या तरी उपयोगी पडायला हवी.