खिळा कॅलेंडरसाठी आहे

घर हे माणसाचे संस्कार सांगते. हे वाक्य माझे नाही. गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या आमच्या घरमालकांचे आहे. स्टुलावर उभे राहून, आमच्या खोलीतला फोटो भिंतीवरून उतरवताना त्यांनी ते उच्चारले होते.

फोटो कोणाचा ते सांगत बसत नाही. निळा कोट, जाड चष्मा, हातात पुस्तक. सौंदडला, माझ्या गावी, आमच्या वस्तीत तो घरोघर आहे.

घरमालक निवृत्त अधिकारी. खुर्ची गेली तरी सगळे साहेबच म्हणत. खोली देताना त्यांनी विचारले होते, "सौंदडले कोणत्या बाजूले राहता?" आमच्याकडे हा भूगोलाचा प्रश्न नसतो. मी बाजू सांगितली. साहेबांनी पुढे केलेली किल्ली मुठीत मिटली. पण खोली बरेच दिवस रिकामी पडली होती, आणि संस्कारांनाही भाडे लागते.

"राहा मास्तर. पण भिंतीले खिळा ठोकायचा नाही."

मी ठोकला नाही. आधीच्या भाडेकरूचा एक खिळा होता. त्यावर देवाचे कॅलेंडर, तेही सरलेल्या सालाचे. ते काढून मी फोटो टांगला. दुसऱ्या दिवशी साहेब स्टूल घेऊनच आले.

"हे काय करून राहिले मास्तर? खिळा कॅलेंडरसाठी आहे. हे पेटीत ठेवा."

फोटो माझ्या हातात. मेलेले साल पुन्हा भिंतीवर. बायको नुकतीच दवाखान्यातून आली होती, नर्सचा पांढरा ड्रेस अजून अंगावर. तिने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "हो साहेब." शाळेत पोरांना मान वर करून बोला असे शिकवायचो. पगार त्याचाच मिळायचा.

बायको त्या महिन्यापासून परदेशातल्या नोकऱ्यांचे अर्ज भरू लागली. इंग्लंडमधल्या एका इस्पितळात लागली आणि यथावकाश तिथली कायमची रहिवासी झाली. मी आईच्या आजारपणापायी मागे राहिलो, त्याच खोलीत. आई गेल्यावर निघालो. व्हिसा जोडीदाराचा. म्हणजे तिथे माझी ओळख एकच, हिचा नवरा.

साहेबांना फार आनंद झाला. "म्हणजे बायकोच्या पदराले धरून चालले! इसको हमारे यहां घरजवाई बोलते, मास्तर." हसले एकटेच.

वर्षभराने तिथे घर घ्यायचे ठरले. तिथल्या बँका काही साधुसंत नव्हत्या. व्हिसावरचा माणूस म्हटले की किमतीचा चौथा हिस्सा आधी ठेवा म्हणायच्या. आमच्याकडे जेमतेम विसावा हिस्सा. शेवटी एक बँक तेवढ्यावर तयार झाली. अट एकच. गेली तीन वर्षे नवरा कुठे राहिला, त्याचा पुरावा हवा. एक वर्ष तिथले होते. बाकीची दोन साहेबांच्या खोलीतली. आणि साहेब भाडे रोख घेत, पावती कधी देत नसत. म्हणजे घराची किल्ली त्यांच्या सहीत होती.

राहिल्याच्या दाखल्यावर सही मागायला मी गोंदियाला आलो. साहेब ओसरीत झोपाळ्यावर बसलेले.

"सही देतो की! पण आधी रविवारी आमच्या ज्येष्ठ मंडळात तुमचा सत्कार. शाल, श्रीफळ. तुम्ही फक्त दोन शब्द बोला, की या घरात संस्कार झाले."

फ्लेक्स तयार होता. वर साहेब, टोपीसकट, हातभर. खाली मी, पासपोर्टएवढा. मजकूर : 'आमच्या छत्रछायेत वाढलेले.' त्या खोलीत शिरलो तेव्हा मला मिशा होत्या. वाढायचे काही शिल्लक नव्हते.

मागच्या खोलीचे दार उघडे होते. खोली पुन्हा रिकामी. खिळ्यावर तेच कॅलेंडर.

मी म्हणालो, "साहेब, मंचावर माझ्याकडचा फोटो ठेवू. त्याला हार घालून सुरुवात करू."

"कायले?" साहेबांचा झोपाळा थांबला. "कार्यक्रम सर्वांसाठी आहे मास्तर. आम्ही जातपात मानत नाही."

"मग सत्कार नको."

"अन् सही?"

"तीही नको."

"पागल झाले का? घर हातचं जाईल!"

"जाऊ द्या." मान वर होती. मी पहिल्यांदाच त्यांना साहेब न म्हणता बोललो होतो.

स्टेशनावरून बायकोला फोन केला. ती उखडलीच. "काऊन जी? एक सही तं होती! इथं मी डबल ड्युट्या करून राहिली." मी सगळे सांगितले. तिने विचारले, "तो स्टूल अजून हाय का त्याच्याकडे?"

"हाय. ओसरीतच ठेवला हाय."

"मंग येऊन जा."

कर्ज गेले. घरही गेले, दुसऱ्या कोणी घेतले. पुढची दोन वर्षे आम्ही ओल आलेल्या एका भाड्याच्या खोलीत काढली. इंग्लंडमधलीच तीन वर्षे भरली तेव्हा त्याच बँकेने त्याच विसाव्या हिश्श्यावर कर्ज दिले. कुडव्याच्या सहीचे काम पडले नाही.

साहेबांनी मला एक गोष्ट मात्र शिकवली, ती मान्य करतो. जागा देणारा भिंत देतो, आणि भिंतीवर कोण राहणार तेही तोच ठरवू पाहतो. यापुढे कोणी बाजू विचारली तर सांगीन, शेजारच्यालाही ऐकू जाईल अशी. पण जो बाजू विचारतो, त्याच्याकडे ना खोली मागीन, ना सही, ना शाल. माझे नाव मोठे करायला निघालेल्या हाताने आधी काय उतरवले होते, ते विसरणार नाही.

नव्या घरात सामान लावायच्या आधी मी पेटी उघडली. बायकोने स्टूल धरला. मी चढलो. खिळा लावला, हातोडी मारली.

भिंत पोकळ, पुठ्ठ्याची निघाली. खिळा पहिल्याच ठोक्याला आरपार गेला. फोटो सध्या फ्रीजवर उभा आहे.