तोंडात गुळणी, डोळ्यांत त्रिफळा

"खडा आहे हा, खडा! दाढ गेली असती माझी." प्रभाकररावांनी घास ताटाच्या कडेला थुंकला. "तांदूळ निवडतेस की नुसते चिवडतेस?"

"दिसत नाही मला," सुनीताबाई म्हणाल्या.

"दिसेल कसं? त्रिफळ्यानं डोळे धुतेस, पण मन नसतं त्यात."

मुलगा सत्यजीत खाली मान घालून जेवत राहिला. बापापुढे त्याचं मत म्हणजे एवढंच. सून मनिषानं आमटीचा डाव जरा आपटला.

प्रभाकरराव सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून वैद्य झाले. पनवेलच्या बाजारातून हिरडा, बेहडा, आवळकाठी आणायची, कुटून भिजत घालायची, सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायची आणि ते पाणी सोसायटीभर वानोळ्यासारखं वाटत फिरायचं. वर ऐकवायचं, "माझी नजर बघा! स्टँडात शिरणाऱ्या एसटीची पाटी लांबून वाचतो." स्वतःचे दोन्ही मोतीबिंदू त्यांनी मुंबईला भावाकडे राहून गुपचूप काढून घेतले होते, हे सोसायटीत कुणाला ठाऊक नव्हतं. घरात कुणी विषय काढलाच तर म्हणत, "डॉक्टर निमित्तमात्र. डोळा तयार कुणी केला होता?"

बायकोच्या मोतीबिंदूला मात्र निमित्तालाही डॉक्टर नको होता. वर्षभर रोज सकाळी सुनीताबाई बेसिनपाशी तोंडात पाण्याची गुळणी धरून, गाल फुगवून डोळ्यांवर त्रिफळ्याचे हबके मारत, आणि हे मागे उभे राहून प्रवचन झोडत. उलट उत्तर येण्याची सोयच नसे. या उपचारातलं त्यांना सगळ्यात मानवलेलं ते हेच असावं. त्यांचं प्रवचन रंगत गेलं, आणि नात इराचा चेहरा सुनीताबाईंना दुधात बुडवल्यासारखा दिसू लागला.

"आता दोन वेळा धुवायचे," प्रभाकरराव हात धुऊन वाडगा घेऊनच आले. "ऊठ, गुळणी भर."

त्या उठल्या. गुळणी भरली. गाल फुगले.

"हे बघ, आपल्या ऋषिमुनींनी..." प्रभाकररावांनी सुरुवात केली.

सुनीताबाईंनी बेसिनमध्ये पचकन गुळणी टाकली आणि पदरानं तोंड पुसलं.

"मनिषा, उद्या अर्धी रजा टाक. डोळ्यांच्या दवाखान्यात जायचंय, ऑपरेशनची तारीख घ्यायला," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "आणि तांदूळ उद्यापासून तुम्ही निवडायचे. तुम्हाला दिसतं."