छपराखालचं डुक्कर

शैलजाकाकू लेकीकडे परदेशात, श्रूजबरीला राहायला आल्या आणि शेजारच्या लिनबाईंशी त्यांची गट्टी जमली. दोघींचं इंग्रजी सारखंच तोडकं, त्यामुळे कुणी कुणाला हसायचा प्रश्नच नव्हता.

वास्तुशांतीला लिनबाईंनी स्वतः कुंचल्यानं काढलेलं चिनी अक्षर फ्रेम करून दिलं. अर्थ, घर. काकूंनी ते कौतुकानं थेट देवघराशेजारी टांगलं. आल्यागेल्याला सांगता यावं म्हणून एकदा त्यांनी अक्षराची फोड विचारली. लिनबाई म्हणाल्या, वरचं हे छप्पर. खालच्या भागाला मात्र त्यांना इंग्रजी शब्द सापडेना. शेवटी त्यांनी नाक फुगवून हुबेहूब डुकराचा आवाज काढला.

संध्याकाळपर्यंत फ्रेम गराजमध्ये गेली.

"आई, गिफ्ट आहे ते. त्यांना हर्ट होईल," शरयू म्हणाली. जावई गिरीशनं वराह अवताराची आठवण करून दिली.

"तो समुद्रात उतरला होता," काकू म्हणाल्या, "माझ्या देवघराशेजारी नव्हता बसला."

पण मैत्रीण दुखवायची नव्हती. काकूंनी शक्कल लढवली. कशासाठी ते न सांगता लिनबाईंकडून गाईचं अक्षर शिकून घेतलं, आठवडाभर कागद खराब केले, आणि छपराखाली डुकराऐवजी गाय बसवली. मग लिनबाईंना चहाला बोलावून मोठ्या अभिमानानं कागद पुढे केला.

लिनबाईंनी कप खाली ठेवला आणि त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. असं अक्षर आधीपासूनच आहे, म्हणाल्या. पूर्वी त्याचा अर्थ गोठा होता.

"आणि आता?"

"जेल," लिनबाई म्हणाल्या.

काकूही हसत सुटल्या. हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, घरात डुक्करच का? लिनबाई म्हणाल्या, पंडितांचंही त्यावर एकमत नाही. पण त्यांच्या आजीच्या घरी खाली डुकरं असत आणि वर माणसं. खालून आवाज आला की घर जागं आहे असं वाटायचं. काकूंना माहेरची गाय आठवली. तीही स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडेच बांधलेली असे.

फ्रेम परत घरात आली. देवघरापाशी नव्हे, पण जेवणाच्या टेबलासमोर. तुरुंगाचं अक्षर गिरीशनं मागून घेतलं आणि जिथून तो दिवसभर मीटिंगा अटेंड करतो, त्या खोलीच्या दारावर लावलं.

पाहुण्यांनी फ्रेमबद्दल विचारलं, की काकू "घर" एवढंच सांगतात आणि पुढचं वाढायला घेतात.