चुकीच्या मजल्यावरची बिजागरी

त्यांना सगळे गुण्याकाका म्हणायचे, कारण काटकोन तपासायचा तो सुतारी गुण्या कायम त्यांच्या हातात असे. जुन्या शहरात चाळीस वर्षं त्यांनी दारं-खिडक्या बसवल्या. तिथल्या भिंती हातभर जाड, पण सगळ्या पोट सुटलेल्या. एक चौकट सरळ असेल तर शपथ. "या गावात काटकोन एकच, तो माझ्या पिशवीत," असं ते म्हणत. प्रत्येक दार वेगळं तासावं लागे, त्यामुळे कोणाचं दार फुगतं, कोणाचं करकरतं, हे त्यांना तोंडपाठ होतं.

गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा लेक त्यांना नदीपलीकडच्या नव्या शहरात आपल्या घरी घेऊन आली. चौदा मजले, लिफ्ट आणि एका साच्यातून काढलेली छप्पन्न दारं. काकांनी आल्या आल्या घरातल्या चौकटींना गुण्या लावून पाहिला. केस जाईल एवढीही फट नव्हती.

"काय काम केलंय," ते लेकीला म्हणाले आणि हिरमुसून बसले. इथे आपल्याला कोण विचारणार?

तिसऱ्या दिवशी फिरून परत येताना त्यांनी लिफ्टमध्ये सहाऐवजी सातचं बटण दाबलं. समोर तेच दार, नुसतं लोटलेलं. आत तीच पांढरी भिंत, डावीकडे तेच स्वयंपाकघर. तिथल्या कपाटाचं दार मात्र लोंबत होतं. "सकाळी तर बरं होतं," असं पुटपुटत त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि बिजागरी आवळायला घेतली.

"कोण तुम्ही?" मागून आवाज आला. रिकामी कचऱ्याची बादली घेऊन एक बाई उभ्या होत्या.

"मी इथे राहतो. तुम्ही कोण?"

"मीही इथेच राहते."

काकांची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली. त्यात त्यांच्या नात्यातलं कोणीच नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माफ करा बाई. माझा मजला चुकला."

बाईंनी कपाटाचं दार दोनदा उघडून लावून पाहिलं. "सहा महिने फोन करतेय, कोणी फिरकत नाही. आता आलाच आहात तर चहा घ्या. आणि बाथरूमचं दारही जरा घासतंय."

बाई शाळेत शिकवायच्या. त्यांच्या तोंडून बातमी चौदाही मजल्यांवर गेली. मग कळलं, नव्या घरांचेही सांधे ढिले होतात, फक्त कोणी कोणाला सांगत नाही. काकांचा दिवस कामात जाऊ लागला, आणि एका झटक्यात चपखल बसणाऱ्या दाराचं सुख त्यांना पहिल्यांदाच मिळत होतं.

"बाबा, जुनं शहर आठवतं का?" लेकीने एकदा विचारलं.

"आठवतं ना. तिथे खिडकीतून हाक मारली की झालं. इथे बेल वाजवायची. सवय होते."

"आणि दुपारी झोपायचं ठरलं होतं ना आपलं?"

"झोपेन की," काका पिशवी उचलत म्हणाले. "बाराव्या मजल्यावरची खिडकी तेवढी होऊ दे."