लवंगीचं पोट

लवंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. उंचीने बेताची आणि तोंडाने तिखट, म्हणून मामाने लहानपणी ठेवलेलं हे नाव लग्नानंतर सासरीही तिच्या मागोमाग आलं. फक्त जिमच्या काउंटरवर नोकरी लागल्यापासून तिखट बोलणं गिळायची सवय तिने लावून घेतली होती.

जिम होती एका जुन्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर. लोखंडी जिना चढून आलं की चहूकडे आरसे, रबरी चटयांचा उग्र वास आणि दाराला लागूनच काउंटर. येणाऱ्याची पहिली नजर लवंगीवर पडायची. धाकटीच्या वेळी तिचं दुसऱ्यांदा सिझेरियन झालं होतं. ती धाकटी आता चुरूचुरू बोलायला लागली, तरी आईचं पोट काही आत गेलं नव्हतं. हातपाय काटक आणि पोट तेवढं पुढे.

एका संध्याकाळी नव्याने नाव नोंदवायला आलेल्या बाईने भाबडेपणाने विचारलं, कितवा महिना? लवंगी उत्तर शोधत होती तोवर मागे उभे असलेले मालक खदखदून हसले. बाई गेल्यावर ते म्हणाले, "मेंबर आले की तू उठत नको जाऊस. बसूनच बोल. लोक आधी काउंटर बघतात."

ट्रेनरही हसला. प्रत्येक आरशात स्वतःचे दंड निरखायची त्याला खोड होती, म्हणून सगळे त्याला डोले म्हणायचे.

लवंगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती बसून राहिली. घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो एका कंपनीच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवून कंबर मोडून आलेला. मनावर घेऊ नकोस, एवढं बोलून तो आडवा झाला. मालकाच्या हसण्याने झाली नसेल एवढी चिडचिड तिला त्या तीन शब्दांनी झाली. तिने पातेलं असं आदळलं की झाकण घरंगळत पलंगाखाली गेलं. सासूबाई म्हणाल्या, दोन लेकरांच्या आईचं पोट असंच असतं, त्यात आदळआपट कसली.

दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या सामसुमीत ती डोलेकडे सिट-अप्स शिकायला लागली. संध्याकाळनंतर अन्न तोंडात घालायचं नाही आणि दिवसभर उकडलेल्या भाज्यांवर राहायचं, असंही त्याने बजावलं. लवंगीने ते सगळं दातओठ खाऊन केलं. दर वेळी वर उठताना तिला मालकाचे दात दिसायचे आणि ती आणखी जोर लावायची. हळूहळू कंबर धरली. काउंटरवर डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. सर्वांत विचित्र म्हणजे वर उठताना छातीपासून बेंबीपर्यंत पोटाच्या मधोमध पावासारखा उंचवटा यायचा. तिने तो डोलेला दाखवला. दुखतंय म्हणजे लागू पडतंय, असं म्हणून तो आरशाकडे वळला.

मग एके दिवशी धाकटीला उचलताना शिंक आली आणि लवंगीचे कपडे ओले झाले. त्या दिवशी मात्र ती घाबरली आणि सरकारी दवाखान्यात गेली.

तिथल्या फिजिओबाई वयस्कर होत्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी तिला उताणं निजवलं, फक्त डोकं उचलायला सांगितलं आणि बेंबीच्या वर बोटं ठेवली. बोटं मध्येच आत गेली. पोटाच्या पुढचे दोन उभे स्नायू गरोदरपणात एकमेकांपासून लांब झाले होते आणि मधला पडदा ताणला गेला होता. त्यावर सिट-अप्स केल्याने आतला सगळा दाब तिथूनच बाहेर ढकलला जात होता. बाईंनी हे शांतपणे समजावलं आणि विचारलं, "आजवर कुणी हात लावून बघितलं नाही का?"

"नाही," लवंगी म्हणाली.

रडू येईल असं तिला वाटलं होतं. आला तो संताप. इतक्या जणांनी या पोटाकडे बघितलं होतं, हसले होते, फुकटचे सल्ले दिले होते. हात लावून बघायचं एकालाही सुचलं नव्हतं.

बाईंनी दिलेला व्यायाम बघून ती आणखीच वैतागली. गुडघे मुडपून निजायचं, श्वास सोडत सोडत पोटाचा खालचा भाग अलगद आत घ्यायचा, कुंथायचं नाही, श्वास धरायचा नाही. हा काय व्यायाम झाला? पण नीट करायला गेली तेव्हा तिला तोही जमेना. मग बाईंनी खाण्याचं विचारलं, आणि आपण दिवसभर काय खातो हे सांगताना लवंगी अडखळली. डोलेचा उपास सोडला, तर तिचं असं जेवण कधी नव्हतंच. मुलांच्या ताटातलं उरलंसुरलं, काउंटरवर चहाबरोबर बिस्किटं, रात्री मोरीशी उभं राहून पातेल्याच्या तळाचं खरवडून. उपाशी राहून स्नायू धरत नसतात, बाई म्हणाल्या. अंडी, दही, कडधान्य, भाजी, भात, सगळं खा, पण बसून आणि वेळेवर.

त्या रात्री लवंगीने आपलं ताट वाढून घेतलं आणि सगळ्यांबरोबर बसली. ताटात दोन अंडी होती. मुलांनी टाकलेलं कोण खाणार, असं सासूबाईंनी विचारलं.

"मी नाही खाणार, आई," ती म्हणाली. "मी काही खरकट्याची बादली नाही."

नवऱ्याने मुलांची ताटं ओढली आणि मुकाट्याने संपवली. चार दिवस तसंच चाललं. पाचव्या दिवशी तो स्वतःच म्हणाला, या पोरांना जरा कमी वाढत जा.

वर्ष उलटलं. निजून करायच्या व्यायामावरून ती रांगत्या स्थितीतल्या व्यायामावर आली, मग कंबर उचलण्यावर, मग कोपरांवर शरीर तोलून धरण्यावर. पोट पुष्कळ आत गेलं. टाक्यांच्या वरची घडी तेवढी राहिली. कंबरदुखी थांबली आणि शिंकेची धास्ती गेली.

हे मालकांच्या डोळ्यांत भरलं. स्टाफच्या फायलीसाठी हवा, असं सांगून त्यांनी डोलेला तिचा फोटो काढायला लावला, टी-शर्ट जरासा वर धरून. तिला ते आवडलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर थोडी ऐटही वाटली होती.

आठवड्याभरात इमारतीच्या दर्शनी भिंतीवर फ्लेक्स लागला. शेजारी शेजारी दोन पोटं, दोन्ही गळ्यापासून वर कापलेली. पहिलं स्टाफच्या सहलीच्या फोटोतलं, टी-शर्टात तटतटलेलं. दुसरं उघडं, बेंबीजवळचा तीळ स्पष्ट दिसणारं. मध्ये प्रोटीन पावडरचा डबा, आणि खाली लिहिलेलं: फक्त आठ आठवड्यांत.

ती तडक वर गेली. मालक हसले. तोंड कुठे दिसतंय, ते म्हणाले, पोटावर काय तुझं नाव लिहिलंय? आणि पावडरचे डबे तिच्याच काउंटरवर रचून ठेवले. घरी नवरा म्हणाला, नोकरीचा प्रश्न आहे, जाऊ दे. ती कित्येक दिवस त्याच्याशी बोलली नाही. पण डबे मात्र विकत राहिली. घेणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता विकायची आणि नंतर स्वतःवरच धुमसत बसायची.

एक तरुण शिक्षिका आली. तिचं बाळ काही महिन्यांचं होतं. डबा हातात घेऊन तिने विचारलं, फ्लेक्सवर लिहिलंय ते खरं आहे का? लवंगी म्हणाली, सर सांगतील.

दोन दिवसांनी तीच शिक्षिका चटईवर होती. डोले तिचे पाय दाबून धरून आकडे मोजत होता, आणि टी-शर्टाखाली तिच्या पोटाच्या मधोमध पावासारखा उंचवटा येत होता. लवंगी काउंटर सोडून उठली.

"थांबा," ती शिक्षिकेला म्हणाली. "आधी कुशीवर वळा, मग हाताने रेटा देऊन उठा."

डोले म्हणाला, तुझं काम काउंटरवर आहे.

"खाली फ्लेक्सवर पोट आहे ना, ते माझं आहे," लवंगी म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण आजूबाजूची यंत्रं एकेक करून थांबली. "त्या डब्यातला एक चमचासुद्धा माझ्या पोटात गेलेला नाही. मला वर्ष लागलं. आठ आठवड्यांत तर मला नीट श्वाससुद्धा सोडता येत नव्हता."

मालक केबिनमधून धावत आले. हिचं डोकं फिरलंय म्हणाले. मग ती त्यांच्याकडे वळली आणि इतकी वर्षं गिळलेलं सगळं बाहेर आलं. दवाखाना, स्नायूंमधली फट, अंडी, सहलीचा फोटो, ते हसणं. काही मागे ठेवलं नाही. मालक म्हणाले, उद्यापासून यायचं नाही.

"उद्यापासून कशाला," ती म्हणाली, आणि गळ्यातलं ओळखपत्र काढून डब्यांच्या चळतीवर ठेवलं.

खाली उतरली, तर फ्लेक्स तिच्या हाताच्या कितीतरी वर बांधलेला. तिने दोनदा उडी मारून बघितली. मग नवऱ्याला फोन केला आणि एवढंच सांगितलं, शिडी घेऊन ये, आणि आल्यावर जाऊ दे म्हणालास तर परत जा. तो कामाच्या बुटांसकट, खांद्यावर शिडी घेऊन आला. तोंडातून शब्द न काढता वर चढला आणि दोऱ्या कापल्या. मालक खिडकीतून बघत होते, पण खाली आले नाहीत. डबे परत घ्या म्हणून चार-पाच मेंबरांनी त्यांना घेरलं होतं. लवंगीने फ्लेक्सच्या चिंध्या केल्या आणि कचऱ्याच्या पेटीत कोंबल्या.

महिन्याभरात तिथे नवा फ्लेक्स लागला. पोट दुसऱ्याच कुणाचं, डबा तोच. आता लवंगी एका लॉन्ड्रीत काम करते आणि रोज त्याच रस्त्याने जाते. रोज तिचं पित्त खवळतं. शिक्षिका आणि तिच्या दोन मैत्रिणी सुटीच्या दिवशी तिच्याकडे व्यायाम शिकायला येतात. आधी दवाखान्यात तपासून आल्याशिवाय ती कुणाला चटईवर निजू देत नाही, आणि श्वास धरला की फटकारते.

मध्यंतरी ती स्वतः तपासायला गेली, धाकटीला बरोबर घेऊन. फिजिओबाईंनी बोटं ठेवून बघितली. बोटभर फट अजून होती. एवढी राहणार, त्या म्हणाल्या, आणि राहिली म्हणून बिघडत नाही, पोटात ताकद चांगली आहे. लवंगीला ते पटलं आणि तरीही भयंकर राग आला. बसथांब्यापर्यंत ती तोंडातल्या तोंडात बडबडत चालली होती. आई कुणाला रागावतेय, असं धाकटीने विचारलं.

"सगळ्यांना," लवंगी म्हणाली, आणि मालकापासून सुरुवात करून एकेकाचं सांगायला लागली. बस आली तेव्हा ती जेमतेम डोलेपर्यंत पोचली होती.