सरजाबाईंची जर्मन शिकवणी

सरजाबाई सोनकांबळे नायगाव तालुक्यात तीस वर्षं आरोग्यसेविका होत्या. दारोदार फिरून त्यांनी बायकांना एकच सांगितलं, "दोन लेकरांवर थांब गं बाई." त्यामुळे एकुलती लेक लुंबिनी नर्सिंग करून जर्मनीतल्या वृद्धाश्रमात नोकरीला निघाली, तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं, "तिथल्या म्हाताऱ्यांची लेकरं कुठं गेली?"

"लई झालीच न्हाईत, आई," लुंबिनी बॅग भरत म्हणाली. "पन्नास वर्षांपासून घरटी एक न्हाईतर दोन. काहींना एकबी न्हाई. त्यात माणसं ऐंशीच्या पुढं जगून राहिलीत. पाचांत एक तरी पासष्टीच्या वरचा. सांभाळायला माणूस कुठून आणतील?"

"अन् सरकार?"

"लेकरामागं महिन्याला पैसे देतंय. तरी न्हाईच होत."

सरजाबाईंना हसू आवरेना. "इथं 'बस करा' म्हणून मी चपला झिजवल्या, अन् तिथं 'होऊ द्या' म्हणून मागं लागलेत!"

लुंबिनी गेली. रोज व्हिडिओ कॉल व्हायचा. तिच्या मागं खुर्चीत ब्याण्णव वर्षांची हिल्डे दिसायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. एकदा मध्येच घंटी वाजली, तशी लुंबिनी फोन हिल्डेच्या हातात देऊन पळाली. हिल्डे बोलू लागली. बोलता बोलता रडली. सरजाबाई नुसतं "हाव, हाव" म्हणत राहिल्या. एक शब्द कळेल तर शपथ! ते त्यांच्या मनाला फार लागलं.

सोमवारी त्या एसटीनं नांदेडला गेल्या. लुंबिनीला जर्मन शिकवणाऱ्या सुकन्या मॅडमसमोर जाऊन बसल्या. "मलाबी शिकवा."

"काकू, तुम्हाला कुठं जायचंय?"

"कुठंच न्हाई. बोलायचंय."

वर्गात सगळ्या विशीतल्या नर्स, त्यांत ह्या त्रेसष्ट वर्षांच्या. पहिल्याच आठवड्यात त्या मॅडमशी भांडल्या. "टेबल 'तो' अन् मुलगी 'ते'? असं कुठं असतंय का!" पोरी पोट धरधरून हसल्या. पण वही भरत गेली.

तीन महिन्यांनी सरजाबाईंनी कॉलवर हिल्डेला जर्मनमध्ये विचारलं, "काल झोप लागली का?"

हिल्डे बघतच राहिली. मग एकेक शब्द सुटा करून बोलू लागली. रडली त्या दिवशी ती तिच्या धाकट्या भावाविषयी सांगत होती म्हणे. त्याचा वाढदिवस होता. पुढचं काही सरजाबाईंना समजलं नाही.

"पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या.

हिल्डेनं खुर्ची पुढं ओढली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.