पोरावर अर्ज

वडील गेल्यावर दादानं आईला आणि मला गाडीत बसवून श्रीगोंद्याला नेलं. हक्कसोड करायची होती. वडिलांच्या जमिनीतला आम्हा दोघींचा वाटा सोडायचा आणि सगळी जमीन एकट्या दादाच्या नावावर करायची. आमच्याकडं बहिणी हे करतातच. वाटा मागितला की माहेर तुटतं. मी सही केली, आईनं अंगठा दिला. कचेरीतला माणूस म्हणालासुद्धा, "आजी, तुमचा तरी वाटा ठेवा की."

आई त्यालाच हसली. "माझा वाटा ह्यो काय, समोर उभा हाय."

दादानं मला साडी घेतली. येताना काष्टीला भेळ खाऊ घातली.

गेल्या हिवाळ्यात आई गोठ्यात घसरून पडली. दादानं तिला टेम्पोत घालून मिरजगावला माझ्याकडं आणून सोडलं. "ऊसतोड चालू हाय, चार दिस ठेव," म्हणाला. आम्ही तिला नगरला दवाखान्यात नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, या आठवड्यात ऑपरेशन केलं तर काठी धरून चालतील, नाहीतर कायमच्या अंथरुणावर.

माझ्या नवऱ्याची पंक्चरची टपरी आहे. एवढा खर्च आम्हाला झेपणारा नव्हता. दादाला फोन केला. तो म्हणाला, "आता ह्या वयात कशाला कापाकापी? झाडपाला बांधा." त्याच महिन्यात त्यानं नवा ट्रॅक्टर घेतला होता.

माझी मुलगी राहुरीला कॉलेजात आहे. तिनं सांगितलं, म्हाताऱ्या आईला मुलगा बघत नसेल तर आईला प्रांत अधिकाऱ्यांकडं अर्ज करता येतो. "आजीनं अर्ज केला एवढं ऐकलं तरी मामा पैसे घेऊन पळत येईल." तिनंच अर्ज लिहिला. मी शाईचा डबा आईजवळ नेला, तर आईनं अंगठा आत घालून मूठच वळली.

"पोटच्या पोराला कचेरीत उभं करू? मेल्यावर आग्नी कोन देईल मला?"

माझा नवरा सहसा सासूपुढं बोलत नाही. त्या दिवशी बोलला. "मामी, आग्नी द्यायला तो येतोच की. त्याची घाईच हाय त्याला. तवर जगायचं कसं ते बोला."

आईनं डोळे मिटून घेतले. मूठ उघडली नाही. आठवडा तसाच गेला.

तेव्हापासून ती पडून आहे. हगणं-मुतणं मी काढते. पाठीला जखमा झाल्यात, म्हणून सारखी कूस बदलावी लागते. भिंतीकडची कूस तिला नको असते. तोंड दाराकडंच हवं, दादा येईल म्हणून. मला दादापेक्षा आईचा राग जास्त येतो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

परवा दादा आला. हातात केळी. आईजवळ न बसता दाराशीच बसला, नाकाला रुमाल लावून. आईचं तोंड फुललं. "भाकर खाल्ली का रं?"

"खाल्ली." मग त्यानं खिशातून कागद काढला. गावातलं जुनं घर अजून आईच्या नावावर आहे. ते पाडून त्याला स्लॅबचं बांधायचंय. "एक अंगठा लागतोय फक्त," तो म्हणाला.

नको देऊ, असं माझ्या अगदी घशापर्यंत आलं होतं. पण दादासमोर मी कधी बोललेली नाही. आईला उठता येईना. ती मलाच म्हणाली, "बये, जरा पाठीला हात दे गं."

मी हात दिला. तिनं आपणहून अंगठा पुढं केला.

दादा चहालाही थांबला नाही. जाता जाता मला म्हणाला, "आईकडं नीट बघत जा."

मी खोबरेल लावून तिच्या अंगठ्याची शाई पुसत होते. आई दाराकडं बघत म्हणाली, "दमला असंल गं. उन्हाचं आलं लेकरू."

कूस बदलायची वेळ झाली होती. मी तिला भिंतीकडं तोंड करून निजवलं आणि स्वयंपाकाला लागले.